खबरीपासून खुर्चीपर्यंत

१० सप्टेंबर २००१ रोजी परदेशी फोन आणि संदेश टिपणाऱ्या अमेरिकेच्या एनएसए या संस्थेने अरबीतली दोन संभाषणं टिपली. एकात ‘सामना उद्या सुरू होतोय’ अशा अर्थाचं वाक्य होतं, दुसऱ्यात ‘उद्या शून्य घटिका’. दोन्हींचं भाषांतर झालं १२ तारखेला. ती दहालाच वाचली गेली असती तर ११ सप्टेंबरचा हल्ला टळला असता, असं मुळीच नाही. कोण, कुठे, कसं यातलं काहीच त्यांत नव्हतं, आणि असली गूढ वाक्यं अशा संस्थांच्या जाळ्यात ढिगाने येतात. पण दोन दिवसांचं ते अंतर यंत्राचं नव्हतं. यंत्राने आपलं काम चोख केलं होतं. पुढच्या वर्षी अमेरिकी काँग्रेसच्या संयुक्त चौकशीत नोंद झाली की दहशतवादाशी संबंधित सर्वांत महत्त्वाच्या भाषांमध्ये संस्थांची तयारी जेमतेम ३० टक्के होती.

गुप्तचर संस्था सुधारण्याची चर्चा बहुतेक वेळा उपग्रह, संगणक आणि कायदे यांभोवती फिरते. माणसं कशी निवडली, किती दिवस एका जागी ठेवली, कशासाठी बढती दिली आणि कशी घालवली, हे प्रश्न मनुष्यबळ विभागाच्या मागच्या खोलीत ढकलले जातात. माझ्या मते हे उलटं आहे. प्रत्येक गुप्त बातमी शेवटपर्यंत कोणाच्या तरी नोकरीतून प्रवास करते. त्या नोकरीचे नियम बदलले की बातमीचा दर्जाही बदलतो.

भाषेचंच घ्या. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा हिशेब असा की इंग्रजी मातृभाषा असलेल्याला अरबी, चिनी, जपानी किंवा कोरियन कामापुरती यायला ८८ आठवडे लागतात, वर्गातले सुमारे २,२०० तास. वीस महिने पूर्ण पगार देऊन माणूस शिकवायचा. शिवाय पुस्तकी अरबी येणाऱ्याला खरखरत्या फोनवरची गावठी बोली कळेलच असं नाही; त्यासाठी आणखी कान तयार व्हावा लागतो. एवढं करून तो माणूस तीन वर्षांनी ‘सर्वांगीण अनुभव’ मिळावा म्हणून भलत्याच खंडाच्या टेबलावर बसवला जातो, कारण बढतीच्या तक्त्यात विविधतेला गुण असतात आणि खोलीला नसतात. यावर उपाय फार अवघड नाही. अवघड भाषा शिकलेल्याने त्या प्रदेशात नेमणुकीच्या किमान दोन मुदती काढाव्यात, दरवर्षी परीक्षा द्यावी आणि ती उत्तीर्ण झाला तर वेगळा भत्ता घ्यावा. अधिकारी न होताही वरच्या श्रेणीपर्यंत जाता येईल अशी तज्ज्ञांची स्वतंत्र शिडीही हवी. ती नसली की उत्तम विश्लेषक चाळिशीत सामान्य व्यवस्थापक होतो, आणि संस्थेचं नुकसान दुहेरी होतं.

भरतीतही असंच एक कोडं आहे. ज्याला ती भाषा घरातूनच येते, त्याचे नातेवाईक बहुतेकदा त्याच देशात असतात, आणि पार्श्वभूमी तपासणाऱ्याच्या तक्त्यात परदेशातले नातेवाईक म्हणजे लाल शेरा. तपासणी वर्षभर रेंगाळली की चांगला उमेदवार दुसरी नोकरी धरतो. निर्णय टप्प्याटप्प्याने घेणं हा यातला शहाणपणाचा मार्ग. पहिल्या दिवसापासून त्याला उघड साहित्य द्यावं: स्थानिक वर्तमानपत्रं, नभोवाणी, सरकारी निविदा. गोपनीय कागद तपासणी संपल्यावर द्यावेत. तोवर त्याचं कामही दिसतं आणि स्वभावही.

खबरी मिळवणं हे त्याहून सावकाशीचं काम. आधी कोणाच्या हाताशी हवी ती माहिती येते हे शोधायचं, मग तो माणूस जोखायचा, ओळख वाढवायची, विचारायचं, आणि ‘हो’ म्हणाला तर वर्षानुवर्षं सांभाळायचं. पहिल्या ओळखीपासून होकारापर्यंत कित्येकदा अधिकाऱ्याची अख्खी मुदत संपते. मुदत संपताना घाईने केलेला खबरी बहुधा कच्चा निघतो, आणि तो पुढच्याच्या गळ्यात पडतो. म्हणून हस्तांतर हा स्वतंत्र टप्पा मानून त्याला वेळ द्यायला हवा. जुना आणि नवा अधिकारी निदान दोन-तीन भेटींना एकत्र असावेत. फाईलमध्ये फक्त भेटींचे वृत्तांत असून भागत नाही. हा माणूस का बोलतो, घरी कोणाला काय माहीत आहे, त्याला काय कबूल केलं आहे, संकटाची खूण कोणती, भेट चुकली तर पुढची कधी, हे सगळं नव्या माणसाला अर्ध्या तासात वाचता येईल असं पहिल्याच पानावर हवं. कबूल केलेली गोष्ट फाईलमध्ये नसली की नवा अधिकारी ती नाकारतो आणि खबरी तिथेच तुटतो.

यात मोजदाद घुसली की गणित बिघडतं. ‘या वर्षी किती खबरी केले, किती अहवाल पाठवले’ यावर बढती ठरली की अधिकारी सोपी माणसं गोळा करतो: जी भेटायला तयार असतात, भरपूर बोलतात आणि ज्यांना फारसं माहीत नसतं. त्यामुळे निरुपयोगी खबरी बंद करण्यालाही नवा मिळवण्याइतकंच श्रेय हवं. बहुतेक ठिकाणी ते शून्य असतं. उलट यादी आटली म्हणून शेरा बसतो.

मोजदादीच्या धाकाची दुसरी बाजू म्हणजे दारात आलेला माणूस परत पाठवणं. अडॉल्फ टोल्काचेव्ह हा सोव्हिएत रडार अभियंता १९७७ पासून मॉस्कोत अमेरिकनांकडे स्वतःहून येत होता. हा सापळा असेल या भीतीने त्याला पुन्हा पुन्हा झिडकारलं गेलं. नियमित संपर्क सुरू व्हायला जवळजवळ दोन वर्षं गेली, आणि मग त्याने लढाऊ विमानांच्या रडारबद्दलची इतकी कागदपत्रं दिली की अमेरिकी हवाई दलाच्या संशोधनाची दिशा बदलली. भीती अवास्तव नव्हती. पण आलेल्याला जोखायची ठरलेली पद्धत नसली की प्रत्येक अधिकारी स्वतःची नोकरी वाचवणारा निर्णय घेतो, आणि तो निर्णय ‘नको’ असतो.

आता पडताळणी. इथे जरा रेंगाळायला हवं, कारण सर्वांत महागडे घोटाळे इथेच झालेत.

१९९९ साली एक इराकी अभियंता आश्रय मागत जर्मनीत आला. जर्मन गुप्तचर संस्था बीएनडीने त्याच्याकडून फिरत्या जैविक प्रयोगशाळांची वर्णनं घेतली. ‘कर्व्हबॉल’ या टोपणनावाने त्याचे सुमारे शंभर अहवाल अमेरिकी संरक्षण गुप्तचर विभागाकडे गेले. अहवाल पुढे सरकवणाऱ्यांना तो माणूस भेटला नव्हता. जर्मन त्याला भेटू देत नव्हते. जर्मन विचारणार, त्यांचा सारांश जाणार, त्याचं भाषांतर होणार, त्यावर विश्लेषक लिहिणार. प्रत्येक पायरीवर शंका थोडी गळाली आणि मजकूर थोडा ठाम झाला. ५ फेब्रुवारी २००३ रोजी, इराकवर चढाई का हवी हे सांगताना, अमेरिकेने ती वर्णनं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पुराव्यादाखल मांडली. २०११ मध्ये त्याने स्वतःच सांगितलं की ते खोटं होतं.

यातला पेच असा. विचारणारी संस्था त्याची जामीनदार नव्हती आणि जामीनदार ठरलेली संस्था त्याला भेटली नव्हती. त्याच काळात ब्रिटनमध्ये काय झालं ते इराकविषयीच्या गुप्त माहितीची चौकशी करणाऱ्या २००४ च्या बटलर समितीने नोंदवलं. परदेशी गुप्तवार्ता विभागात आलेल्या बातमीची छाननी करणारे वेगळे अधिकारी असत. काटकसरीत ती फळी विरळ झाली होती, आणि छाननीची कामं अननुभवी माणसांकडे किंवा खुद्द माहिती मिळवणाऱ्यांच्याच हाताखाली गेली होती. पगार वाचले आणि खोट्या बातम्यांना वाट मिळाली. समितीने छाननीचं काम पुन्हा ज्येष्ठ आणि स्वतंत्र माणसाकडे द्यायला सांगितलं.

खबऱ्याला हाताळणारा अधिकारी त्याच्या प्रेमात पडतो. हे स्वभावाचं वैगुण्य नाही, कामाचा भाग आहे. वर्षभर एखाद्याचा जीव आपल्या हातात असेल तर त्याच्यावर विश्वास बसतोच. म्हणून पडताळणी त्याच्याकडे नको. पडताळणाऱ्याचं काम ठरलेलं असावं. या माणसाला हे कळण्याची जागा कोणती? त्याने स्वतः पाहिलं, की ऐकलं, आणि कोणाकडून? आपल्याला आधीच ठाऊक असलेल्या दोन-चार गोष्टी विचारल्या तर तो काय सांगतो? मागच्या अहवालांतले किती खरे ठरले, किती खोटे, किती अधांतरी? त्याच्या बोलण्यात आपल्याला हवं तेच सापडतंय का? आणि मधूनमधून दुसऱ्या अधिकाऱ्याने भेट घ्यावी. खबऱ्याला ती आवडत नाही, हाताळणाऱ्याला तर त्याहून नाही. तरी घ्यावी.

स्रोताला अ ते फ अशी अक्षरं आणि माहितीला १ ते ६ असे आकडे द्यायची जुनी नौदली पद्धत इथे कामाची आहे. इंग्रजीतल्या पहिल्या सहा अक्षरांची ही श्रेणी, शेवटचं अक्षर आणि सहाचा आकडा ‘ठरवता येत नाही’ यासाठी. कल्पना चांगली: माणूस किती भरवशाचा आणि बातमी किती संभाव्य, हे दोन वेगळे निवाडे. प्रत्यक्षात अक्षर आणि आकडा हातात हात घालून चालतात. भरवशाच्या माणसाची म्हणून बातमीही खरी धरली जाते. भरवशाचा माणूसही फसवला जाऊ शकतो, आणि लबाड माणूस कधी कधी खरं बोलतो. आकडा देताना स्रोत झाकून ठेवला तर हा दोष बराच कमी होतो.

दुसरी पळवाट म्हणजे एकाच तोंडून निघालेली बातमी तीन वाटांनी येणं. तीन देशांच्या संस्थांकडून आलेले तीन अहवाल पाहून विश्लेषक लिहितो, ‘तीन स्रोतांकडून दुजोरा’. मुळात माणूस एकच, किंवा बनावट कागद एकच. प्रत्येक स्रोताला नाव न उघडता एक कायमचा क्रमांक द्यावा आणि तो अहवालाबरोबर शेवटच्या वाचकापर्यंत जावा. मित्रदेश क्रमांक देत नसतील तर त्यांचा अहवाल दुजोऱ्यात मोजू नये. हा नियम कडक वाटतो, पण त्याशिवाय दुजोरा या गोष्टीला काही अर्थच उरत नाही.

प्रश्न नीट विचारणं हीदेखील माहिती गोळा करण्याचीच पायरी आहे. ‘अमुक देशाच्या लष्कराबद्दल सर्व माहिती’ ही मागणी नव्हे, हात झटकणं आहे. नेमका प्रश्न, कोणत्या निर्णयासाठी, कोणत्या तारखेपर्यंत, आणि उत्तर कळलं तर काय बदलेल, या चार गोष्टी नसलेली मागणी परत पाठवावी. नंतर क्रम: उघड साहित्यात उत्तर आहे का? विकत मिळणाऱ्या उपग्रह छायाचित्रांत? मित्रसंस्थेकडे? तांत्रिक मार्गाने? यातलं काहीच जमलं नाही तर माणूस, कारण तिथे चूक झाली तर तिची किंमत तो माणूस जिवाने देतो. क्षेपणास्त्राची गाडी कुठे उभी आहे हे छायाचित्र सांगेल. ती का उभी केली, हे मात्र कोणी तरी सांगावं लागतं.

माहिती वापरणाऱ्याकडून परतीचा शेरा यावा हे सगळ्यांना मान्य असतं आणि जवळपास कोणीच तो देत नाही. कारगिल युद्धानंतर १९९९ मध्ये नेमलेल्या आढावा समितीने भारतीय व्यवस्थेबद्दल हेच म्हटलं: वापरणाऱ्याला त्याच्या हक्काची सगळी माहिती पोहोचते का हे तपासणारी यंत्रणाच नव्हती, आणि राजकीय पातळीवर नियमित, सर्वंकष माहिती देण्याची पद्धतही नव्हती.

विश्लेषणात शब्दांची गंमत होते. १९५१ साली युगोस्लाव्हियावर सोव्हिएत हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ आहे असा अंदाज वॉशिंग्टनमध्ये लिहिला गेला. तो लिहिणाऱ्यांत असलेल्या शर्मन केंट यांना नंतर कोणी तरी विचारलं, म्हणजे किती? त्यांच्या मनात शंभरात ६५ होतं. मग त्यांनी मसुद्यावर सही करणाऱ्या सहकाऱ्यांना विचारलं. उत्तरं २० पासून ८० पर्यंत आली. सगळ्यांनी एकाच वाक्याला होकार दिला होता. आता अमेरिकी मानकांत ‘संभव’ म्हणजे ५५ ते ८० टक्के, ‘फार संभव’ म्हणजे ८० ते ९५, असे पट्टे ठरलेले आहेत.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे अंदाजांना गुण देणं. रीत साधी: सांगितलेली शक्यता आणि घडलेलं यातला फरक घ्यायचा आणि त्याचा वर्ग करायचा. ८० टक्के म्हणालात आणि घडलं, तर ०.०४. घडलं नाही, तर ०.६४. आकडा जितका लहान तितकं बरं. २०११ पासून चार वर्षं अमेरिकी गुप्तचर संशोधन विभागाने भरवलेल्या स्पर्धेत दिसलं की ज्यांना एकही गोपनीय कागद मिळत नव्हता असे निवडक सामान्य नागरिक सातत्याने चांगले अंदाज करत होते. हे पुष्कळांना झोंबलं. पण गुणांचा वापर बढती रोखायला केला तर सगळे ५० टक्के लिहू लागतील, त्यात ०.२५ पक्के मिळतात आणि कोणी बोट दाखवत नाही. गुण विश्लेषकाला स्वतःला दिसावेत आणि त्याच्या प्रशिक्षकाला. बास.

विरोधी मताचं काय करायचं, याचं उत्तर अजून कोणाला धड सापडलेलं नाही. १९७३ मध्ये इस्रायली लष्करी गुप्तचर विभागाने ठरवून टाकलं होतं की लांब पल्ल्याची बॉम्बफेकी विमानं मिळेपर्यंत इजिप्त लढणार नाही. सुवेझ कालव्याकाठच्या इजिप्तच्या हालचाली युद्धाच्याच आहेत असं दक्षिण विभागातल्या एका तरुण लेफ्टनंटने लिहून दिलं. ते वर गेलंच नाही, आणि इजिप्तने हल्ला केला. नंतर तिथे खास उलट बाजू मांडणारा कक्ष उभा राहिला. पन्नास वर्षांनी, ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्याआधी वर्षभराहून अधिक काळ हमासचा आराखडाच हाती होता, आणि तो ‘त्यांच्या कुवतीबाहेरचा’ म्हणून बाजूला ठेवला गेला. पाळत ठेवणाऱ्या कनिष्ठ महिला सैनिकांच्या तक्रारींचंही तेच झालं. म्हणजे कक्ष होता, पण विरोध करणं हे एका खोलीचं काम ठरलं की बाकीचे निर्धास्त होतात, आणि त्या खोलीचं बोलणं ‘त्यांचं कामच आहे ते’ म्हणून ऐकलं जातं. अशा कक्षात चांगली माणसं थोड्या मुदतीसाठी फिरती असावीत, आणि कनिष्ठाचा मतभेदाचा परिच्छेद वरिष्ठाला खोडता येऊ नये; त्याखाली आपलं उत्तर लिहिता यावं.

राहिली फितुरी. ऑल्ड्रिच एम्स या सीआयए अधिकाऱ्याने १९८५ पासून रशियनांना नावं विकली. निदान दहा खबरी मारले गेले. सत्तर हजार डॉलरांहून कमी पगारात त्याने ५,४०,००० डॉलरांचं घर रोखीने घेतलं. पिणं सगळ्यांना माहीत होतं. पैशांची चौकशी सुरू झाली आणि रेंगाळली. १९८६ आणि १९९१ मध्ये तो खोटं पकडणाऱ्या यंत्रासमोर बसला आणि दोन्ही वेळा सुटला. अमेरिकी संरक्षण गुप्तचर विभागातल्या विश्लेषक अॅना मॉन्टेसने क्यूबासाठी सोळा वर्षं काम केलं, विचारांपोटी. तिच्या खात्यात संशयास्पद पैसा नव्हता आणि कागद ती पाठ करून नेत असे. म्हणजे खात्यांवरची नजर एकाला धरेल, दुसरीला नाही.

यंत्राच्या भरवशावर राहणाऱ्यांसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००३ मध्ये एक हिशेब मांडला. १०,००० कर्मचाऱ्यांत १० हेर आहेत असं धरा. दहातले आठ सापडतील इतकी चाचणी कडक केली तर त्यांच्याबरोबर १,५९८ निर्दोष माणसंही अडकतात, आणि दोन हेर तरीही सुटतात. दीड हजार प्रामाणिक माणसांच्या कारकिर्दीवर डाग पाडून संस्था काय कमावते? भाषा येणारी, परदेशी नातेवाईक असलेली माणसं त्यांत आधी सापडतात, हे वेगळंच.

फितूर झालेले बरेच जण नोकरीत येताना फितूर नव्हते. कर्ज, घटस्फोट, दारू, डावलली गेलेली बढती यांपैकी काही तरी मध्ये घडलं. तिथे वेळेवर मदत मिळाली तर ती सर्वांत स्वस्त सुरक्षा. पण मदत मागितल्याची नोंद शिस्तभंगाच्या फाईलमध्ये गेली की कोणी मागत नाही. शेजारी बसणाऱ्यांचंही तसंच. २०२३ मध्ये जॅक टेक्सेरा या अमेरिकी राष्ट्रीय रक्षक दलाच्या हवाई तुकडीतल्या २१ वर्षांच्या सैनिकाने गोपनीय कागद गप्पांच्या संकेतस्थळावर टाकल्याचं उघड झालं. चौकशीत निष्पन्न झालं की त्याच्या तुकडीतल्या काहींना त्याची नसती चौकसबुद्धी आधीच दिसली होती, आणि सुरक्षावाले राईचा पर्वत करतील या भीतीने त्यांनी ते पुढे कळवलं नाही. तक्रार आणि बडतर्फी यांच्यामध्ये पायऱ्या नसल्या की लोक गप्प राहतात. समज देणं, त्या विषयाचे कागद बंद करणं, तीन महिन्यांनी पुन्हा पाहणं, असं काही मधलं असावं.

माणूस काढून टाकायची वेळ आलीच, तर ती कशी हाताळू नये याचं उदाहरण टोल्काचेव्हच्याच गोष्टीत आहे. एडवर्ड ली हॉवर्ड या नवख्या अधिकाऱ्याला मॉस्कोसाठी तयार केलं जात होतं, म्हणून तिथल्या कारवाया त्याला सांगितलेल्या होत्या. यंत्रावरच्या चाचण्यांत तो अडकला, आणि १९८३ मध्ये त्याला तडकाफडकी घरी पाठवलं गेलं. दारूचा त्रास, मनात अढी, आणि डोक्यात मॉस्को. त्याच्यापासून धोका आहे हे सीआयएने एफबीआयला वेळेवर कळवलंही नाही. हॉवर्डने ते सोव्हिएत हेरखात्याला सांगितलं असं मानलं जातं; १९८५ मध्ये टोल्काचेव्ह पकडला गेला आणि पुढच्या वर्षी त्याला मृत्युदंड झाला. हॉवर्ड सोव्हिएत संघात पळून गेला. बडतर्फीच्या कागदावर सही होण्याआधी त्या माणसाला काय काय माहीत आहे याची यादी तयार हवी. यादीतल्या प्रत्येक खबऱ्यापुढे ‘चालू ठेवायचा, भेटीची रीत बदलायची, की बाहेर काढायचा’ यावर ज्येष्ठ अधिकाऱ्याची सही हवी. आणि घालवलेल्या माणसाला वर्षभराचा पगार, दुसरी नोकरी शोधून देणारं कोणी, उपचारांचा खर्च आणि फोन उचलणारा एक ओळखीचा आवाज, एवढं तरी मिळावं.